वाड्यातलं बत्तीस बोअर

जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं म्हटलं की लोक आधी किंमत विचारतात. मी आधी वेगळीच गोष्ट सांगतो: ते बिघडलेलं आहे म्हणून ते हत्यार राहिलं नाही, असं धरून चालू नका. आमच्या भागात हा गैरसमज फार आहे. जुन्या वाड्यातल्या माळ्यावरून, पत्र्याच्या ट्रंकेतून असं काहीतरी गंजलेलं निघतं आणि घरचे म्हणतात, "चालत तर नाही, ॲन्टिक आहे ते, त्याला कशाला कागद?" शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या आणि मोडक्या हत्यारांना सूट आहे, हे खरं. पण ती कोणाला, तर जे दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही अशा हत्याराला. मिस्त्रीच्या हातून चालू होऊ शकतं ते रिव्हॉल्व्हर कायद्याच्या नजरेत आजच पूर्ण हत्यार आहे. त्याला परवाना लागतो, विकण्याआधी लेखी खबर द्यावी लागते, आणि दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या माणसाकडेच करावी लागते. मी जे घेतलं ते नेमकं असंच होतं, त्यामुळे ही सगळी वाट मी पायी चाललो आहे.

मी परभणी जिल्ह्यातला. घरचा कापसाचा धंदा, जिनिंग. वडिलांच्या काळापासून घरात बारा बोअरची बंदूक आहे, रानडुकरांसाठी शेतावर घेतलेली; वडील गेल्यावर ती माझ्या परवान्यावर आली. हंगामात रात्री-अपरात्री रोकड घेऊन जावं लागतं. बरंचसं देणंघेणं आता बँकेतून होत असलं तरी हमाली, गाडीभाडं, मजुरी अजून हातोहात चालते. म्हणून दुसऱ्या हत्याराची, हातातल्या छोट्या हत्याराची परवानगी मागितली आणि चौकशी होऊन ती मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन ठेवता यायची. म्हणजे माझा कोटा इथे संपणार होता. जे घ्यायचं ते विचार करून घ्यायचं होतं.

परवानगी बत्तीस बोअरची, म्हणजे नळीच्या भोकाच्या त्या मापाची. सामान्य नागरिकाला अडतीस, चारशे पंचावन्न किंवा नऊ एमएम मिळत नाही. ती बंदी घातलेल्या बोअरमध्ये येतात. बत्तीस मिळतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं नवं बत्तीस घ्यायला सरळ वाट होती: पैसे भरा, वाट बघा, न्या. बऱ्याच मित्रांनी तेच केलं आणि त्यांना ते चांगलं लागलंही. मला मात्र जुन्या यंत्राचं वेड आहे. लहानपण जिनिंगच्या शेडमध्ये गेलं, आणि हातानं घासून बसवलेला भाग आणि साच्यातून निघालेला भाग यांतला फरक मला बोटाला कळतो. मला जुनं, विलायती काम हवं होतं. परदेशी हत्यारांच्या खासगी आयातीवर १९८० च्या दशकात बंधनं आली. तेव्हापासून देशात जेवढी आहेत तेवढीच, हातोहाती फिरत असतात. म्हणून चांगल्या स्थितीतल्याची किंमत लाखांत जाते. माझ्या खिशाला परवडणारं म्हणजे काहीतरी खोट असलेलंच असणार, हे मला माहीत होतं.

मोंढ्यातल्या एका अडत्याकडून कळलं की जालना जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका गावी जुन्या पाटील घराण्यात एक बत्तीस आहे. घरातले सगळ्यात मोठे, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, वयामुळे आता परवाना ठेवू इच्छित नाहीत. दोन्ही मुलं पुण्याला. त्यांना ते नको आहे. मी फोनवर पहिल्यांदा विचारलं ते हेच की परवाना चालू आहे का आणि त्याला यूआयएन नंबर पडलेला आहे का. हत्यारांच्या परवान्यांची आता देशभराची एकच संगणकीय नोंद आहे आणि तिच्यात तो नंबर नसेल तर परवान्याचं जुनं पुस्तक कितीही शिक्क्यांनी भरलेलं असलं तरी उपयोग नाही. आबांचं सगळं जागच्या जागी होतं. दर निवडणुकीला हत्यार ठाण्यात जमा केल्याच्या पावत्यासुद्धा त्यांनी एका पिशवीत जपल्या होत्या. मला त्या माणसाबद्दल तिथेच आदर वाटला.

वाड्याच्या ओसरीवर आबांनी ते कातड्याच्या म्यानासकट समोर ठेवलं. स्मिथ अँड वेसनचं सहा राऊंडचं बत्तीस, काडतुसांचं फिरतं सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर निघतं ती घडण, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचं. नळीच्या वरच्या अंगाला कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा. निकेलचा मुलामा होता, पण म्यानात राहून राहून जागोजागी सुटलेला, आणि त्याखालचं लोखंड तपकिरी पडलेलं. हे एक मी सगळ्यांनाच सांगतो: हत्यार कातड्याच्या म्यानात कधीही साठवू नका. कातडं ओल धरतं आणि कमावताना त्यात मुरलेलं क्षार-आम्ल धातूला खातं. बाहेरून म्यान सुंदर दिसतं, आत गंज चालू असतो.

नळीवर बारीक अक्षरात "नॉट इंग्लिश मेक" असा ठसा होता. तो बघून मला फार आनंद झाला. परदेशात बनलेलं हत्यार इंग्लंडमध्ये चाचणीला आलं की तिथलं प्रूफ हाऊस १९२५ ते १९५५ या काळात हा ठसा मारत असे. म्हणजे हे अमेरिकेहून आधी विलायतेत गेलं, तिथे दाब देऊन तपासलं गेलं आणि मग इकडे आलं. आबा म्हणाले, "आमच्या वडलांनी हैदराबादेत घेतलं होतं," आणि आतून एक उर्दू पावती आणली. घडीवर फाटलेली. तारीख निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनाची, १३४७ ची, म्हणजे इसवी सनाच्या १९३७-३८ ची. रक्कम हाली शिक्क्यात. निजामाचा तो रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार असा होता, हे आबांना अजून तोंडपाठ. ठसा आणि पावती एकमेकांशी जुळत होते. माझ्या दृष्टीनं त्या पावतीची किंमत निकेलच्या मुलाम्यापेक्षा जास्त आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हे हत्यार बराच काळ ठाण्यात होतं आणि पुढे परवान्यावर परत मिळालं, अशी घरातली आठवण. त्या काळातला परवाना आबांकडे नाही, त्यानंतरचे सगळे आहेत.

आता खोट. सिलिंडर उघडतच नव्हतं. अंगठ्याचा खटका पुढे सरकायचा पण सिलिंडर जागचं हलायचं नाही. आबांच्या म्हणण्याप्रमाणे ते कित्येक वर्षांपासून असंच जाम होतं. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण याचा अर्थ असा की आत काडतूस आहे की नाही हे कोणीच उघडून पाहिलेलं नव्हतं. या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाजूनं पाहिलं तर सिलिंडर आणि मागची भिंत यांच्या फटीतून काडतुसांच्या कडा दिसतात. मी नळी भिंतीकडे करून, चापाला बोट न लावता, टॉर्चनं ती फट पाहिली. दिसणाऱ्या खणांमध्ये कडा नव्हत्या. तरी उघडून बघेपर्यंत ते भरलेलंच आहे असं मानायचं, हा नियम मी मोडत नाही. आबांचा नातू म्हणाला, "काका, मळ्यात जाऊन चाप ओढून बघू, कळंल ना." मी त्याला बसवून सांगितलं की बेफिकिरीनं किंवा आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि त्याही आधी, जाम झालेल्या सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर झाडणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं.

आबा मोकळ्या मनाचे. म्हणाले, "घेऊन जावा तुम्ही, दाखवा मिस्त्रीला, पटलं तर पैसे द्या. काहून एवढं करता?" कायद्यात तशी सोय आहेही: कलम ३ प्रमाणे परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, दुरुस्तीसाठी हत्यार दुसऱ्याला नेता येतं. तरी मी म्हटलं, "आबा, तुम्हीच सोबत चला. तुमच्या परवान्यावर, तुमच्या हातानं जमा करू." जे हत्यार अजून माझं नाही ते माझ्या गाडीत एकट्यानं असू नये, असं मला वाटत होतं, आणि नाक्यावर कागद समजावत बसण्यापेक्षा आबांची सोबत बरी.

छत्रपती संभाजीनगरला एका परवानाधारक दुकानात एक जुने मिस्त्री बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडीलही हेच काम हैदराबादेत करायचे. चाचांनी आधी आबांचा परवाना पाहिला, रजिस्टरात नंबर चढवला, मग हत्यार हातात घेतलं. कानाजवळ धरून हलवलं. सिलिंडरच्या पुढे जो दांडा असतो, रिकामी टरफलं ढकलून काढणारा, त्याला चिमटीत धरून जरा फिरवलं आणि हसले. "जाम नै हुआ मियाँ, ये रॉड ढीला हुआ है." या जुन्या घडणीत त्या दांड्याचे आटे उजवे असतात आणि सिलिंडर उलट्या अंगानं फिरतं, त्यामुळे वापरता वापरता दांडा स्वतःच थोडा थोडा सुटत जातो, लांब होतो आणि पुढच्या खुंटीत अडकून बसतो. कंपनीनं पुढे, १९६० च्या आसपास, आटेच डावे करून टाकले. चाचांनी दांडा हळूच आत बसवला, खटका सरकवला, आणि सिलिंडर बाहेर आलं. सहाही खण रिकामे. आबा कितीतरी वेळ त्या रिकाम्या खणांकडे बघत होते. वडिलांच्या हातानंतर ते उघडलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

उघडल्यावर खरी तपासणी झाली. या रिव्हॉल्व्हरचा नंबर मुठीच्या तळाला असतो, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर असतो आणि नळीच्या खालच्या बाजूला, दांडा बसतो त्या खोबणीत असतो. तिन्ही ठिकाणी तोच नंबर, आणि तोच परवान्यावर. घेणाऱ्यानं एवढं एक जरी पाहिलं तरी निम्मं काम झालं. नंबर खोडलेला, घासलेला किंवा मुळातच नसलेला असेल तर तिथून उठावं. कलम ८ प्रमाणे असं हत्यार विकताही येत नाही, आणि नंबराला हात लावणं हाच गुन्हा आहे. "वरचा मुलामा नवा केला, त्यात नंबर गेला" असली कारणं ऐकू नयेत.

मग नळी. आरपार उजेडात पाहिली. आतल्या वळणदार रेषा ठळक होत्या, तोंडाजवळ थोडे खड्डे. चाचा म्हणाले चालेल. मग त्यांनी घोडा अगदी सावकाश मागे ओढत एकेक खण तपासला. घोडा मागे जाताना आतला एक छोटा पंजा सिलिंडरच्या मागच्या दातांना वर ढकलतो, सिलिंडर फिरतं, आणि खण नळीसमोर आला की खालून एक खुंटी खाचेत बसून त्याला घट्ट धरते. घोडा पूर्ण चढायच्या आत खुंटी बसली पाहिजे. इथे काही खणांवर ती बसत नव्हती. घोडा चढायचा आणि सिलिंडर केसभर मागेच राहायचं. हा दोष दिसायला केसाएवढा आहे आणि फार वाईट आहे. खण आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिशाचे कण बाजूनं बाहेर उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतात. पंजा झिजला होता. शिवाय मुठीतली पट्टीची स्प्रिंग थकली होती, घोड्याचा ठोका कमी पडत होता. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा मात्र सरळ, न फाटलेल्या होत्या. म्हणजे आधी कोणी घरगुती पेचकस घेऊन आत गेलेलं नव्हतं. चाचांना याचाच जास्त आनंद झाला. "किसीने हाथ नै लगाया, अच्छा हुआ. बिगडा हुआ बन जाता, बिगाडा हुआ नै बनता."

किंमत त्यानंतर ठरली, तिथेच दुकानाच्या बाकावर, चाचांनी दुरुस्तीचा अंदाज सांगितल्यावर. आकडा लिहीत नाही, आबांना तसा शब्द दिला आहे. एवढं सांगतो की दुरुस्तीचा खर्च दोघांनी विचारात घेतला आणि कोणालाही मान खाली घालावी लागली नाही. काय बिघडलं आहे हे माहीत नसताना बिघडलेल्या वस्तूचा भाव करायला बसलं की एकाला तरी नंतर चुटपुट लागते. आबांनी मुलांचं लेखी "हरकत नाही" आधीच आणून ठेवलं होतं. तेही मीच मागितलं होतं, कारण वडिलोपार्जित हत्यारावर वारसांना परवाना मागता येतो आणि पुढे कोणाच्या मनात राहू नये.

आता कागद. परवानाधारकाला आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, मध्ये दुकानदार असलाच पाहिजे असं नाही. पण विकण्याआधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराला लेखी कळवावं लागतं: कोणतं हत्यार, कोणाला, त्याचं नाव-पत्ता. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हलवता येत नाही. आबांनी जालन्याला कळवलं आणि पोच घेतली. मी परभणीला गृहशाखेत त्याच हत्याराचा नंबर देऊन माझ्या परवान्यावर नोंदीसाठी अर्ज केला. ४५ दिवस ही कमीत कमी मुदत आहे. आम्हाला त्याहून पुष्कळ जास्त लागले. विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबर २०२४ चं मतदान होईपर्यंत परवानाधारकांची हत्यारं जमा करून घेणं सुरू होतं आणि नव्या नोंदींकडे कोणी बघेना. आबांचं हत्यार दुकानातच जमा होतं, त्याची पावती ठाण्यात दाखवली, ते मान्य झालं.

निवडणूक संपली आणि डिसेंबरात बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. सगळा मराठवाडा हादरला. त्यानंतर बीडमध्ये परवान्यांची झाडाझडती झाली, गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द झाले, आणि शेजारच्या जिल्ह्यांतही प्रत्येक फाइल नव्यानं उघडून पाहिली जाऊ लागली. माझीही पाहिली. ठाण्यातून परत चौकशीला आले, गल्लीत विचारलं, जिनिंगच्या रोकडीचे कागद परत मागितले. काही ओळखीचे म्हणाले, तुला विनाकारण त्रास. मला तो त्रास वाटला नाही. ज्या काळात पोरं कमरेला लावलेल्या हत्याराचे फोटो मिरवतात, त्या काळात मी हत्यार मागतो आहे तर मला चार वेळा विचारलं गेलंच पाहिजे. मी सगळे कागद एका क्रमानं लावून दिले: परवाना, परवानगीचं पत्र, आबांची खबर आणि तिची पोच, वारसांचं पत्र, दुकानाची जमापावती, बँकेतून जायच्या रकमेचा तपशील. तपासणाऱ्यानं मागायच्या आत कागद समोर असला की चौकशी लवकर संपते, एवढं मला धंद्यानं शिकवलं आहे.

वाड्यात जुनी काडतुसंही होती, पितळ हिरवं पडून कळकलेलं. ती मी घेतली नाहीत. इतक्या जुन्या काडतुसांचा भरवसा नसतो. बुडाची टोपी, जी ठोक्यानं बार पेटवते, ती दबली तरी बार उशिरा उडू शकतो. आबांनी ती त्यांच्या परवान्यावरून ठाण्यात जमा केली.

शेवटी नोंद झाली. आबा पुन्हा आले, दुकानात माझ्या-त्यांच्या सह्या झाल्या, त्यांच्या परवान्यावरून नंबर उतरला आणि माझ्यावर चढला. मी हत्यार ठाण्यात नेऊन दाखवलं, अंमलदारानं मुठीचा नंबर वाचून ताडून पाहिला. मग ते त्याच दुकानात माझ्या नावानं दुरुस्तीला जमा केलं. कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि चाचणी या दोन्हींसाठी परवाना लागतो, त्यामुळे एमआयडीसीतल्या ओळखीच्या उत्तम टर्नरकडे जायचा प्रश्नच नव्हता, तो कितीही हुशार असला तरी. आणि माझा परवाना महाराष्ट्रापुरता, म्हणून हैदराबादच्या नावाजलेल्या कारागिरांचा विचारही सोडून दिला.

चाचांचं काम बघायला मिळालं हे माझं भाग्य. या हत्याराचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. पंजा त्यांनी पोलादाच्या तुकड्यातून हातानं काढला. कानसीचे दोन घास, बसवून बघायचं, काढायचं, काजळी लावून कुठे टेकतो ते पाहायचं, परत एक घास. जास्त घासलं की तुकडा वाया. पंजा लांब ठेवला तर सिलिंडर लवकर येऊन अडतं, आखूड झाला तर मूळचाच दोष परत. मापात आल्यावर लाल करून तेलात बुडवला, मग मंद आचेवर धरून वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत थांबले आणि काढला. स्प्रिंगची पट्टी घासताना कानस कायम लांबीच्या दिशेनं चालवायची, आडवी कधीच नाही. आडवा ओरखडा राहिला की पट्टी पुढे तिथूनच तुटते. स्प्रिंगला पाणी देताना रंग निळ्यावर नेला. दांड्याचे आटे साफ करून घट्ट बसवले.

निकेलबद्दल आमचं थोडं बोलणं झालं. दुकानात येणारे सगळे सांगत होते, नवा मुलामा द्या, आरशासारखं होईल. माझ्या मेहुण्यालाही तेच वाटत होतं. चाचा ठाम होते: "पालिश नक्को. नंबर उडता, कोना उडता, पुराना माल पुराना रहता नै." मलाही तसंच वाटत होतं. मुलामा द्यायचा तर आधी खालचं लोखंड घासून सपाट करावं लागतं. त्यात अक्षरांच्या कडा गोल होतात, प्रूफचे ठसे पुसट होतात, आणि "नॉट इंग्लिश मेक" ही पाटी, फसलीतली पावती जिच्यामुळे खरी ठरते, तीच निघून गेली असती. म्हणून फक्त गंज तेलात भिजवून, तांब्याच्या तुकड्यानं अलगद खरवडून काढला. जिथलं निकेल गेलं ते गेलं. मुठीची एक रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात तुटलेली आहे. शिसवीच्या नव्या पट्ट्या सुंदर दिसल्या असत्या, पण तीसुद्धा तशीच ठेवली. दुरुस्ती चालवण्यापुरती झाली पाहिजे. वय पुसायला मी पैसे देत नव्हतो.

चाचणी दुकानाच्या परवान्यावर, त्यांच्या ठरलेल्या जागी झाली. माझ्या परवान्यावर नोंद करून घेतलेली ताजी काडतुसं वापरली. सहाही खणांची टरफलं चाचांनी ओळीनं मांडली आणि भिंगातून टोप्या पाहिल्या: ठसा मधोमध आणि सारख्या खोलीचा. मागच्या भिंतीवर कुठे धूर फुटलेला नाही, नळीच्या मागच्या तोंडावर शिसं चढलेलं नाही. दांड्यानं टरफलं एका दाबात बाहेर आली. त्यांनी लेखी दिलं, मी ते परवान्याच्या फाइलला लावलं.

घरी ते आता तेलाच्या हातानं पुसून, तेलकट सुती कापडात, पोलादी कपाटात असतं. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीत. या काळातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आजच्यासारखी घोडा अडवणारी पट्टी असेलच असं धरू नये, म्हणून बाळगायची वेळ आली तर घोड्याखालचा खण रिकामा ठेवून पाचच राऊंड भरतो. म्यान मी आबांनाच परत दिलं. त्यांना ते हवं होतं, आणि त्याला परवाना लागत नाही. उर्दू पावती मात्र त्यांनी आग्रहानं मला दिली. मी तिची रंगीत प्रत काढून त्यांना पाठवली आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात ठेवला.

एका खणावर अजून किंचित खेळ आहे. घोडा चढवून सिलिंडर हलवलं तर बोटाला जाणवतो. तिथली खाच झिजलेली आहे, पंजाचा दोष नाही. चाचांना मी विचारलं, ही खाचही भरून घ्यायची का. त्यांनी परत एकदा तपासून सांगितलं की सिलिंडरला आच देऊन भर घालायची नाही, मूळ पोलादाचं पाणी उतरेल. एवढा खेळ चालतो, वाढला तर बघू. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या आधी एकदा त्यांच्याकडे नेऊन तो खण पुन्हा मोजून घ्यायचा, असं आमचं ठरलं आहे.